टेबलापलीकडचा आवाज

“कस्टम्सच्या त्या टेबलापलीकडे उभी राहशील ना, तेव्हा कुणावर खेकसू नकोस,” आई म्हणाली होती. लेकीने तसा शब्द दिला होता.

कस्टम्सच्या नोकरीसाठी इंग्रजी शिकवणारे सर वर्गात सरावासाठी प्रवासी झाले, ती अधिकारी. “प्लीज, बॅग उघडाल का?” तिने इंग्रजीत हळूच विचारलं.

“अगं, देवळात आलीस का? दरडाव जरा! नाहीतर तोंडी परीक्षेत दांडी उडेल.”

वर्ग खिदळला.

“उडाली तर उडाली, सर. आवाज हाच राहील.”

परदेशातून परतताना, इंग्रजी न कळलेल्या आईवर एक अधिकारी असाच दरडावला होता. त्याने उपडी केलेल्या बॅगेतले देव फरशीवर घरंगळले होते.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बॅग घेऊन समोर आले. ती टेबलापलीकडे गेली आणि “प्लीज” म्हणत तिने बॅगेखाली दोन्ही हात धरले.