झेंडूवर आळ

संध्याकाळी रिसेप्शनला दाखवायचा लग्नाचा व्हिडिओ निम्माच झाला होता आणि वृंदाचा कॉम्प्युटर सकाळपासून पाचव्यांदा बंद पडला.

"आई, तुझ्या झेंडूमुळे! कॉम्प्युटरच्या पंख्यावरच हार टांगलास," दीर खेकसला. दसरा म्हणून सकाळी कॉम्प्युटरची पूजा केलेल्या सासूबाई खजील झाल्या.

हार काढला. तरी प्रोसेसरचं तापमान नव्वद, पंच्याण्णव, शंभर असं चढतच गेलं आणि पडदा पुन्हा काळा झाला.

"वहिनी, व्होल्टेज अजून थोडं वाढवू का?"

इंटरनेटवर तीन व्हिडिओ बघून या दीडशहाण्याने काल न विचारता वेगाचे आणि व्होल्टेजचे आकडे वाढवून तिचं मशीन जास्त जोरात पळवायला काढलं होतं. ज्याला दूध उतू न घालवता तापवता येत नाही, तो प्रोसेसर तापवत बसला होता!

वृंदाने त्याला खुर्चीवरून उठवलं आणि त्याने वाढवलेला प्रत्येक आकडा पूर्ववत केला. तापमान सत्तरवर थांबलं.

"आता रखडत चालेल," तो कुरकुरला.

"चालेल ना? मग झालं."

चारला व्हिडिओ पूर्ण झाला. पंखा मोकळा सोडून तिने हार कॅबिनेटवर पुन्हा चढवला.

"आई, हळदकुंकू परत लावा. आणि भावजी, पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो."