पाच फुंकरा

मंचरला प्रशिक्षणाला तीस सुईणी होत्या आणि रबरी बाहुली एकच. म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी नियमच घातला: बाळ रडलं नाही तर तोंडात पाच फुंकरा मारायच्या आणि बाळ पुढच्या बाईकडं द्यायचं. साळुबाईनं तो पाठ केला. गेल्या महिन्यात गोरखची बायको बाळंत झाली, लेकरू रडेना. साळुबाईनं मोजून पाच फुंकरा मारल्या आणि लेकरू शेजारी बसलेल्या सासूकडं दिलं. सासू प्रशिक्षणाला नव्हती. लेकरू गेलं. आज पुण्याचे साहेब तीच बाहुली घेऊन परीक्षेला आले. साळुबाईनं पाच फुंकरा मारल्या. "शाब्बास आजी! द्या पुढं." तिनं सहावी मारली. मग सातवी. "अहो, पाच झाल्या! बाकीच्या खोळंबल्यात." "खोळंबू द्या, सायेब. आजून रडलं न्हाई," म्हणत ती फुंकतच राहिली. शेवटी साहेबांनी कागदावर लिहिलं: 'नापास. पाचपर्यंत मोजता येत नाही.'