विश्वासाचा नाणेवाला

काकांना शेवटी विश्वासाचा नाणेवाला सापडला. पण ते आपण तूर्त विसरून जाऊ, कारण या घडीला काका पहिल्याच दुकानातून तरातरा बाहेर निघाले होते आणि दार समजून आरशाकडे चालले होते.

"चोर आहे," आरशातल्या माणसाला ते म्हणाले.

पुतणीनं त्यांचं कोपर धरून त्यांना दाराकडे वळवलं.

काका जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. दुसऱ्यांची वेळ सांभाळता सांभाळता त्यांचे डोळे कामातून गेले. आता त्यांना सगळं जग दुधात बुचकळून काढल्यासारखं दिसायचं. दिव्यांना पिसं फुटायची, माणसं धुक्यातून यायची आणि बोलणं संपायच्या आत धुक्यात परत जायची. हिवाळ्यापर्यंत एवढंही दिसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, घरी आले आणि कपाटातल्या एका मोज्यातून चांदीचं नाणं काढलं. हे खऱ्या माणसाच्या हातात पडलेलं एकदा बघू दे, मग खुशाल जाऊ देत डोळे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुतणीनं कचेरीत रजा टाकली.

नाणं देखणं होतं. एका बाजूला जहाज आणि दुसऱ्या बाजूला कुठलीशी राणी, जराशी रुसलेली. राणीचं नाक थेट काकूवर गेलंय, असं पुतणीला वाटून गेलं. पण काकूला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि हयातीतही ती राणी नव्हती, त्यामुळे पुतणीनं तो विचार तिथेच सोडला.

पहिल्या दुकानदारानं नाण्याला भिंग लावलं, अस्सल ठरवलं आणि चांगला भाव सांगितला. यात चोरी कुठे झाली, हे पुतणीला कळेना. काका मात्र ऐकेनात.

दुसऱ्यानं नाणं काचेवर वाजवून बघितलं आणि आईची शपथ घेऊन सांगितलं, की असा अस्सल माल त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. आतल्या खोलीतून त्याची आई म्हणाली, की तिला मध्ये घेऊ नये. तरी त्यानं पहिल्यापेक्षा वरचा भाव दिला. काका उठलेच.

तिसऱ्याला सगळा बाजार देवमाणूस म्हणायचा. नाणं बघून तो रडला. काही वेळानं त्याचा नोकरही रडायला लागला, बहुधा पगारात ते धरलेलं असावं. देवमाणसानं डोळे पुसत असा आकडा सांगितला, की पुतणीनं तो पुन्हा विचारून घेतला.

"हा तर दरोडेखोर," काका पायऱ्या उतरताना म्हणाले.

"काका, जास्त पैसे देतो तो दरोडेखोर, मग तुम्हाला हवाय तरी कोण?"

"खरं बोलणारा."

दुपार कलली होती. रस्ता अर्धवट झोपेत होता. दुकानांवरच्या ताडपत्र्या हळूच फुगत होत्या आणि बसत होत्या, जणू सगळी गल्ली घोरत होती. शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक बाई जुनी नाणी घेते, असं कुणीतरी सांगितलं होतं. दोघं जिना चढून गेली. खोलीत पिवळा पडदा होता, त्यातून सगळा उजेड मधासारखा गाळून येत होता. खालून शिलाई मशीनची गुणगुण ऐकू येत होती. एका काचेच्या पेटीत दोन मासे कशाचीही वाट न बघता तरंगत होते.

बाईनं जांभई दाबत नाणं हातात घेतलं. भिंग लावलं नाही, वाजवलंही नाही. डोळे मिटले आणि राणीच्या गालावरून बोट फिरवलं, तान्ह्या लेकराला निजवावं तसं. हळूहळू बोट थांबलं. तीही झोपली, अशी पुतणीची खात्री झाली.

"खोटं आहे," डोळे न उघडता बाई म्हणाली.

पुतणी भडकली. मघाचे तिघे काय वेडे होते का, आणि हुबेहूब असंच नाणं सरकारी संग्रहालयात काचेखाली ठेवलंय त्याचं काय, असं तिनं बरंच ऐकवलं. बाईनं तिला बोलू दिलं.

"खरं नाणं हातोहाती फिरून वेडंवाकडं झिजतं, ताई. हे सगळीकडून सारखं झिजलंय. बाजारात गेलेलंच नाही हे. कुणीतरी घरी बसून, अगदी मायेनं झिजवलंय."

काका एक पाऊल पुढे आले. पुतणीनं त्यांना खुर्चीकडे नेलं, पाणी मागितलं आणि घरी नेताना काय समजूत घालायची याची मनात जुळवाजुळव सुरू केली. काका बसले नाहीत. त्यांनी सदरा ताठ केला, घसा साफ केला आणि एखाद्या कचेरीच्या खिडकीसमोर उभं राहावं तसे बाईसमोर उभे राहिले.

"बाई, हे माझ्या हातचं पहिलं, जरा कच्चंच आहे. संग्रहालयात आहे ते दुसरं. तरी आपण सोबत येऊन तिथल्या साहेबांना तसं समक्ष सांगावं, आणि काचेखालच्या पाटीवर 'कारागीर अज्ञात' आहे तिथे 'कारागीर हयात, भेटण्याची वेळ चार ते सहा' अशी दुरुस्ती, मला वाचता येतंय तोवर करून मिळावी, ही नम्र विनंती."