पहिला घास दादांचा

पुंजाजींनी बकऱ्याच्या मांडीला नाक लावलं आणि जोरात श्वास ओढला. काहीच नाही. हातात मटणाऐवजी मातीचं ढेकूळ असतं तरी तेवढंच कळलं असतं.

"काय झालं, काका?" पुतण्या धर्मेंद्रनं विचारलं. लोखंडी ड्रमच्या तळाशी बाभळीची लाकडं रचून तो उभा होता.

"काही नाही. पाहून राहिलो."

मटण सकाळीच तेल्हाऱ्याहून आणलं होतं. मे महिना, आणि हिवरखेडची लाइट दुपारी बाराला गेली ती सातलाच उगवली. तोवर फ्रिजमधला बर्फ वितळून मसाला लावलेलं मटण कोमट पाण्यात बसलं होतं. बोटांना चिकट लागत होतं. मसाल्यानं, की आणखी कशानं? ते सांगायला नाक पाहिजे, आणि पुंजाजींचं नाक कोरोनात गेलं ते गेलंच. जीभही त्याच्याबरोबर गेली. इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांनी सख्ख्या बायकोलाही सांगितली नव्हती.

सांगणार तरी कोणत्या तोंडानं? वांगी-टमाट्याची शेती पोरांनी हाती घेतली, बाजार सुनांनी. म्हाताऱ्याकडे उरलं होतं ते एवढंच, धुराचं मटण. भावकी जमली की पुंजाजींनी रात्रभर ड्रमपाशी बसायचं, धुराचा वास गोड झाला की लाकूड मागे ओढायचं, आणि दुसऱ्या दिवशी सत्तर माणसांनी बोटं चाटायची. नाक असावं तर पुंजाजीचं, असं अकोल्यापासून चांदूर बाजारपर्यंत सारी सोयरीक म्हणायची. कोरोनानंतर उद्या पहिल्यांदाच सगळे एकत्र बसणार होते.

धर्मेंद्रला विचारावं, तर सकाळपर्यंत गावभर बोभाटा. तो झोपायला गेल्यावर पुंजाजी बायकोकडे वळले. जयवंताबाई माळकरी. नेहमीसारखी नाकाला पदर लावून दहा हात लांब खाटेवर पडली होती.

"काय वं, वास कसा येऊन राहिला?"

"मले काय विचारता? मटणाचा वास मले कधी चांगला आला?" आणि तिनं कूस बदलली.

आता बोला!

पुंजाजी रात्रभर दुपट्ट्याखाली घड्याळ लपवून बसले. नाकाचं काम काट्यांवर चाललं होतं. दोनदा उठले, ड्रम उलटा करावा म्हणून. दोनदा बसले. पाहुणे काय म्हणतील? म्हातारा कामातून गेला म्हणतील, आणि पुढच्या खेपेला कोणी केटरर बोलावतील. जीव नुसता टांगणीला लागला होता. म्हातारपणी अशी वेळ कोणावर येऊ नये.

पहाटेपहाटे त्यांना दादा आठवले आणि जरा हायसं वाटलं.

दादा म्हणजे थोरले भाऊ डोमाजी. अकोल्याला राहायचे, सकाळच्या गाडीनं येणार होते. घरची रीतच होती, पहिला घास दादांचा. त्यांनी मान हलवल्याशिवाय पंगतीत कोणी ताटाला हात लावत नसे. सख्ख्या बहिणीच्या लग्नात वरण करपलं म्हणून अख्खी पंगत उठवणारा माणूस तो. कोरोनातही अकोल्याच्या दवाखान्यात दोघा भावांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या, आणि स्वतःला धाप लागलेली असताना दादाच म्हणत होते, "घाबरू नको पुंजा, मी हावो न."

ठरलं तर. दादांनी तोंड वाकडं केलं की सगळ्यांपुढे हात जोडायचे, खरं ते सांगायचं आणि सारं मटण खड्ड्यात पुरायचं. इज्जत गेली तर गेली.

अकरा वाजता आंब्याखाली पंगत बसली. पुंजाजींनी स्वतः दादांच्या ताटात वाढलं. दादांनी वरून मीठ मागितलं, हिरवी मिरची कचकन चावली आणि घास तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला.

"फस्टक्लास!" दादांनी मांडीवर थाप मारली. "पुंजाचा हात म्हंजे हात हाय बापा! बसा रे, हाणा!"

सगळी पंगत तुटून पडली. पुंजाजी आंब्याच्या बुंध्याशी बसले आणि दुपट्ट्यात तोंड खुपसून चक्क रडले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग डोळे पुसून वाढायला उठले. नवी सून गीतांजली पहिला घास तोंडात धरून थबकली होती. तिनं दादांकडे पाहिलं आणि गिळून टाकला. धुराची सवय नसेल बिचारीला. चार वर्षांच्या परीनं घास थुंकला तर तिच्या आईनं तिलाच दटावलं, "मोठे आबा चांगलं म्हणून राहिले न? गुमान खा."

दुसरी वाढ झाली, तिसरी झाली. लहान पोरांची पंगतही आटोपली. पुंजाजी हौसेनं आग्रह करत फिरत होते. तेवढ्यात दादांनी हाक मारली आणि खांद्यावर हात टाकून त्यांना विहिरीकडे नेलं.

"एक गोष्ट सांगतो, कोणाले बोलू नको," दादा हळूच म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "लय दिवसांपासून मनात हाय."

"काय झालं, दादा?"

"दवाखान्यातून आलो तवापासून मले ना वास येत, ना चव लागत. पण तुयं नाक रातभर ड्रमपाशी होतं न पुंजा, मंग मले कायले चाखा लागते?"