गावावरून जाताना

शनिवारी ॲटलास डोंगराच्या खडकांतून आणि रविवारी एकशे साठ किलोमीटर डांबरी रस्त्यावर सायकल हाणून हम्मू शर्यतीच्या शेवटच्या कमानीखाली पोचला, तेव्हा बोटं इतकी बधिर झाली होती की हेल्मेटचा पट्टा सुटेना. मोठा भाऊ लहसन पुढे येऊन पट्टा सोडवू लागला.

"दादा, दुपारी आपल्या गावावरून गेलो. सगळे कब्रस्तानाच्या भिंतीला लागून उभे! माझ्यासाठीच आलेत म्हणून मी हात केला. एकानं टाळी वाजवली असेल तर शपथ. दगड कुठले!"

लहसननं पट्टा सोडवून हेल्मेट काढून घेतलं.

"आणि सगळे बाप्येच. आईला आणायला काय झालं होतं? निदान रस्त्यापर्यंत तरी..."

हम्मू मधेच थांबला. बायकांना घरी ठेवून गावातले सगळे पुरुष त्या भिंतीशी जमतात, ते एकाच कामाला.

"मला अडवलं का नाही?"

"पहाटे गेली. तुझा फोन लागेना. आणि तू हसत हात केलास रे, कोणाचा धीर झाला नाही." लहसननं खिशातल्या रुमालाची गाठ सोडली. "तुझ्या वाटणीची माती राखून ठेवलीय."

हम्मूनं हात पुढे केला. मूठ काही वळेना.