दोन हजार वर्षांचं गाव

राजधानीतून आलेल्या प्राध्यापकांनी आमच्या वेशीवर पाटी ठोकली. ‘युरोपातलं प्राचीन आर्मेनियन गाव. दोन हजार वर्षं अखंड वस्ती.’ आम्ही टाळ्या वाजवल्या. मागच्या पाटीत आम्ही आशियात होतो, तेव्हाही वाजवल्या होत्या.

मग त्यांना पूर्वजांच्या कबरींपाशी फोटो हवा होता. दफनभूमीत वार्तुश आजी झाडत होती.

“आजी, हे आपले पूर्वज ना?”

“छे! हे अझरबैजानी.”

प्राध्यापक भडकले. “शत्रूच्या कबरी झाडता?”

“मग काय करू? लढाईआधी त्यांच्याशी गावंच बदलून घेतली आम्ही. आमची घरं त्यांना, त्यांची आम्हाला. कबरी काय ट्रकमध्ये भरून नेणार? तेव्हा ठरलं, तुमच्या आम्ही झाडू, आमच्या तुम्ही.”

“म्हणजे आपले दोन हजार वर्षांचे पूर्वज...?”

“सीमेपलीकडे, जुन्या गावात. इथून तिकडे गेलेली सोलमाझ झाडते त्यांना. परवा फोनवर हसत होती. म्हणाली, तिथंही कुणी प्राध्यापक पाटी ठोकून गेला. ‘दोन हजार वर्षं अखंड अझरबैजानी वस्ती.’ आमच्या आजोबांच्या कबरीला टेकून फोटोही काढला म्हणे.”

आजीने झाडू टेकवला. “उभा राहा बाबा तूही. हा दगड चांगला दिसेल. सोलमाझच्या आजोबांचा आहे.”