आंबिवलीचा सेट मध्येच का बंद पडतो

“...आणि म्हणून मंडळी, अँटेनाची केबल विकत घेताना माणसाने आधी हे बघावं, की...”

बाळ टिपणीस गप्प झाले. स्वतःहून नव्हे, तसं ते कधी होत नसत. माजिवड्याच्या फ्लॅटमधल्या कॉम्प्युटरवर ‘संपर्क तुटला’ अशी अक्षरं उमटली होती.

“गेला पुन्हा!” ते ओरडले.

“अगं बाई, आणि ऐन रंगात आला होतात,” उत्तराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “निघताय ना लगेच? उत्तमभावजींसाठी थालीपिठं करून ठेवलीयत.”

बाळराव हौशी रेडिओवाले, म्हणजे सरकारी परवाना काढून आपल्या सेटवरून इतर हौशांशी बोलणारे. सोसायटीच्या गच्चीवर पापड चालत, अँटेना चालत नसे. म्हणून त्यांनी सेट आणि अँटेना आंबिवलीला, जुना मित्र उत्तम याच्या घरी बसवली होती आणि माजिवड्यात बसून ते इंटरनेटवरून, रिमोटने, सगळं चालवत. दर रविवारी सकाळी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे हौशी लोक हवेत एकत्र जमत. या जमण्याला ते ‘नेट’ म्हणत. नेट सुरू केलं बाळरावांनी, चालवायचेही तेच. बटण दाबून एक जण बोलत असला की बाकीच्यांनी ऐकायचं, हा रेडिओचा नियमच आहे. मध्ये तोंड घालायची सोयच नसते.

परवाना उत्तराबाईंकडेही होता. परीक्षा दोघांनी बरोबरच दिली होती. “तुमचं झालं की बोलेन,” असं त्या म्हणत, आणि बाळरावांचं काही होत नसे.

त्या रविवारीही ते पिशवीत पकड, टेस्टर आणि थालीपिठं भरून आंबिवलीला पोचले. सेट मजेत चालू होता.

“मी हातपण नाही लावला रे,” उत्तम डबा उघडत म्हणाला. “तू आलास की सुधारतो तो. घाबरतो तुला.”

बाळरावांनी दोष शोधण्याची पराकाष्ठा केली. रिले बदलला, राउटर बदलला, सेटला वेगळा इन्व्हर्टर दिला. मग त्यांच्या लक्षात आलं की नुसतं ऐकत असताना सेट कधीच बंद पडत नाही. बोलत असतानाच पडतो, आणि बोलणं लांबलं की हमखास. म्हणजे अँटेनातून निघालेल्या लहरी वायरीतून मागे शिरून रिमोटच्या डब्याला भंडावतात! निदान शास्त्रशुद्ध होतं. त्यांनी झाडून सगळ्या वायरींवर लहरी अडवणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्या चढवल्या आणि पुढच्या रविवारी हे निदान नेटवर सविस्तर समजावून सांगायला घेतलं. समजावताना सेट बंद पडला. बाळरावांनी तोही पुरावा मानला.

मग डोंबिवलीच्या भगवानरावांचा फोन आला. “टिपणीससाहेब, सेटचं काय ते एकदा करा हो. आता बंद पडला तर नेट दुसऱ्या कुणाकडे द्यावं, असं लोकांचं म्हणणं पडतंय.”

“कुणाकडे?”

“बघू. आहे कुणीतरी.”

बाळरावांना ते फार लागलं. निवृत्तीनंतर जिच्यात बसलं की कुणीतरी आपलं ऐकतं अशी ही एकच खुर्ची उरली होती, आणि तीही जायची वेळ आली होती. रात्री ते धड जेवलेही नाहीत.

शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. रिमोटच नको. थेट आंबिवलीला जाऊन सेटसमोरच बसायचं. पण ही हार भगवानरावांना कळता कामा नये. रिमोट सुधारला असंच त्यांना वाटलं पाहिजे. आणि उत्तराला सांगितलेलं भगवानरावांच्या जयावहिनींना कळतंच. म्हणून त्यांनी घरी सांगितलं, “घरच्या इंटरनेटचा दोष आहे का बघतो. या रविवारी कल्याणला समीक्षाकडे जाऊन तिच्या कॉम्प्युटरवरून नेट चालवतो.”

“जा की. लेकीचीही भेट होईल,” उत्तराबाई म्हणाल्या. अशी गुणी बायको मिळायला भाग्य लागतं, असं बाळरावांना वाटलं.

रविवारी उत्तमने दार उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. “तू इथे? तू तर आज समीक्षाकडे होतास ना?”

“श्श! कुणाला बोलू नकोस,” म्हणत बाळराव आत घुसले. “आज मी या दोषाला समोरासमोर धरणार. तू साक्षीदार.”

“मी जरा कोथिंबीर घेऊन येतो.”

“खाली बस. आणि तो मोबाइल बंद कर. त्याच्याही लहरी नकोत मला.”

उत्तम खाली बसला. बाळरावांनी माइकचं बटण दाबलं, सेटवरचा लाल दिवा लागला आणि ते सुरू झाले. केबलवरून ते विजेपासून संरक्षणावर आले, तिथून अर्थिंगच्या खड्ड्यावर, खड्ड्यात मीठ किती आणि कोळसा किती यावर. सेट बंद पडला नाही. बाळरावांचा आवाज चढत गेला. किती दिवसांनी मनासारखं बोलायला मिळत होतं! उत्तम सारखा घाम पुसत होता आणि सेटच्या इन्व्हर्टरच्या बटणाकडे आशेने बघत होता.

“...तर मंडळी, मीठ जाडं घ्यावं की बारीक, हा प्रश्न...” एवढ्यात बाळरावांना ठसका लागला. बटणावरचं बोट सुटलं. उत्तमने धावत पाणी आणलं.

स्पीकर जरा खरखरला आणि भगवानरावांचा आवाज आला.

“गेले! उत्तमराव, आज फारच उशीर केलात हो. पण आभारी आहोत. चला मंडळी, नेहमीप्रमाणे नेट सुरू करू. उत्तरावहिनी, या, घ्या सूत्रं.”

बाळरावांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. उत्तम छताकडे बघू लागला. माइकला कुणाचाही हात नसताना सेटवरचा लाल दिवा लागला. माजिवड्याहून रिमोट अगदी ठणठणीत चालत होता.